ज्याने ऐकले नाही त्याची सही

एखाद्या बड्या कंपनीवरचा शेकडो कोटींचा दंड अपिलात रद्द झाला की दोन ठरलेले सूर लागतात. एक म्हणतो, पैसेवाल्यांनी महागडे वकील लावले आणि तांत्रिक मुद्द्यावर सुटले. दुसरा म्हणतो, मक्तेदारी आणि संगनमत रोखणारा स्पर्धा आयोग म्हणजे तपास करणाराही तोच, आरोप ठेवणाराही तोच आणि निवाडा देणाराही तोच. असल्या यंत्रणेकडून न्याय कसला मिळणार? दोघेही तावातावाने भांडतात. गंमत अशी, की एका गोष्टीवर त्यांचे नकळत एकमत असते : रास्त प्रक्रिया ही आरोपी कंपनीच्या पदरात पडणारी गोष्ट आहे. एकाला वाटते ती गरजेपेक्षा जास्त पडली, दुसऱ्याला वाटते कमी पडली. भांडण फक्त मापाचे.

मला हे एकमतच चुकीचे वाटते. मक्तेदारीवर आणि भाव ठरवून घेणाऱ्या टोळक्यांवर कठोर कारवाई व्हावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने प्रक्रियेच्या बाबतीत कंपनीच्या वकिलापेक्षा जास्त काटेकोर असायला हवे. नीट ऐकून न घेता दिलेला आदेश कितीही कडक दिसला तरी कच्चा असतो, आणि कच्च्या आदेशाचा फायदा ज्याला वेळ विकत घेणे परवडते त्यालाच होतो. पोस्टर फाटले की भिंत दिसते, तसा हा आदेश पहिल्या अपिलात फाटतो. मधल्या काळात बाजार जिथे होता तिथेच राहतो.

भारतातले सिमेंट प्रकरण घ्या. स्पर्धा कायदा २००२ चा. पण संगनमताला आणि वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई करणाऱ्या तरतुदी प्रत्यक्षात लागू झाल्या मे २००९ मध्ये. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, जून २०१२ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने बड्या सिमेंट कंपन्यांना आणि त्यांच्या उत्पादक संघटनेला मिळून ६,३०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. नव्या आयोगाला दात आहेत हे देशाला दाखवणारा हा आदेश होता. डिसेंबर २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला. कंपन्या निर्दोष आहेत असे काही न्यायाधिकरण म्हणाले नाही. मुद्दा एवढाच होता, की अंतिम युक्तिवाद झाले तेव्हा आयोगाचे अध्यक्ष त्या सुनावणीला नव्हते, आणि आदेशावर मात्र त्यांचीही सही होती. प्रकरण परत आयोगाकडे आले, नव्याने सुनावणी झाली, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये पुन्हा दंड झाला, सुमारे ६,७०० कोटींचा. जुलै २०१८ मध्ये तो अपिलात टिकला. मग कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

यावर पहिल्या सुराचे म्हणणे तयार असते : बघा, शेवटी दंड तेवढाच झाला ना? मग चार वर्षे कशाला घालवली? प्रश्न रास्त आहे, फक्त चुकीच्या माणसाला विचारला आहे. जून २०१२ ते ऑगस्ट २०१६ ही वर्षे सुनावणीने खाल्ली नाहीत, सुनावणी चुकवल्याने गेली. अध्यक्षांनी मोजके दिवस युक्तिवादाला बसणे किंवा सही न करणे, यापैकी काहीही एक केले असते तर हा मुद्दा उपस्थितच झाला नसता. आणि हा नियम काही कुणी नव्याने शोधून काढला नव्हता. आंध्र प्रदेशात बसवाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाची योजना आली, तेव्हा हरकती ऐकल्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी; सर्वोच्च न्यायालयाने गुल्लापल्ली नागेश्वर राव खटल्यात असली सुनावणी निव्वळ उपचार ठरते असे सांगितले, त्याला सिमेंटच्या पहिल्या आदेशावेळी पन्नासहून अधिक वर्षे झाली होती. त्याच्याही आधी, १९३६ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जनावरांच्या बाजारातील दलालीच्या दरांवरून झालेल्या मॉर्गन खटल्यात हेच म्हटले होते : जो निर्णय देतो त्याने ऐकले पाहिजे. इतका जुना, इतका साधा नियम मोडून हजारो कोटींचा आदेश काढायचा आणि तो कोसळल्यावर 'तांत्रिक मुद्दा' म्हणून कपाळाला हात लावायचा, याला काय म्हणावे?

याहून मोठी किंमत मोजली गेली ती मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये भरलेल्या या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. १९११ मध्ये रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाले, त्या परंपरेतला हा हुकूम. साधारण वर्षभराने अपील न्यायालयाने तो रद्द केला. ऑपरेटिंग सिस्टिमवरची मक्तेदारी मायक्रोसॉफ्टने बेकायदा मार्गांनी राखली, हा निष्कर्ष अपील न्यायालयाने एकमताने कायम ठेवला होता. म्हणजे सरकार गाभ्याच्या प्रश्नावर जिंकले होते! पण जॅक्सन यांनी कोणता उपाय योजावा यावर पुराव्यानिशी सुनावणीच घेतली नव्हती, आणि खटला चालू असताना पत्रकारांना बंद दाराआड मुलाखती दिल्या होत्या, ज्यांत बिल गेट्सची तुलना नेपोलियनशी केली होती. न्यायाधीश बदलले, सरकारने तुकड्यांची मागणी सोडून दिली, तडजोड झाली. त्या तुकड्यांनी ग्राहकांचे भले झाले असते की नाही, हा वेगळा वाद आहे. पण तो वाद भर न्यायालयात, साक्षीपुराव्यावर लढला जाण्याची संधी कुणी घालवली? कंपनीच्या वकिलांनी नव्हे. कंपनीवर ज्याचा राग सर्वांत जास्त होता, त्या माणसाने.

आता दुसऱ्या बाजूचे जे खरे आहे ते नीट मान्य केले पाहिजे, कारण ते कमी नाही.

पहिले, वेळ. युरोपीय महासंघात स्पर्धा कायदा राबवणाऱ्या युरोपीय आयोगाने गुगलच्या खरेदी-तुलना सेवेबाबत औपचारिक चौकशी सुरू केली नोव्हेंबर २०१० मध्ये. २४२ कोटी युरोंचा दंड झाला जून २०१७ मध्ये. आणि युरोपीय न्यायालयाने तो अंतिमतः कायम केला सप्टेंबर २०२४ मध्ये. चौदा वर्षे. ज्या छोट्या संकेतस्थळांनी तक्रार केली होती, त्यांना या चौदा वर्षांनी काय दिले? दुसरे, ताकदीची तफावत. प्रक्रियेच्या नावाने गळा काढणारे बहुतेक वेळा तेच असतात ज्यांच्याकडे गळा काढायला माणसे पगारावर ठेवलेली असतात. चढ्या भावाने माल घेतलेल्या लाखो गिऱ्हाइकांना सुनावणीत खुर्चीही नसते. तिसरे, हेतू. प्रक्रियात्मक न्यायाचा आंतरराष्ट्रीय गजर अमेरिकेने सर्वांत जोरात केला, आणि तो नेमका तेव्हा, जेव्हा इतर देशांचे आयोग अमेरिकी कंपन्यांच्या मागे लागले होते. २०१४ च्या सुमारास परदेशी व्यापारी संघटनांनी तक्रार केली, की चीनमध्ये चौकशीला येताना वकील आणू नका असे सुचवले जाते. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेने दक्षिण कोरियाशी असलेल्या मुक्त व्यापार कराराचा आधार घेऊन तिथल्या स्पर्धा आयोगाच्या सुनावण्यांबाबत, विशेषतः पुरावे पाहू न देण्याबाबत, अधिकृत चर्चेची मागणी केली. स्वतःच्या कंपन्यांवर आच आली नसती तर हा कळवळा आला असता का? मला शंका आहे.

हेतूचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण तो ऐकायला जोरकस आणि आतून पोकळ आहे. कुणी मागितले यावरून मागणी खोटी ठरत नाही. १७२३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने केंब्रिज विद्यापीठाला डॉक्टर बेंटली यांच्या पदव्या परत द्यायला लावल्या, कारण त्यांचे म्हणणे न ऐकताच त्या काढून घेतल्या होत्या. बेंटली भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्याविषयी कुणाला फारशी सहानुभूती नव्हती. त्या खटल्यात एका न्यायमूर्तींनी केलेला युक्तिवाद आजही सांगितला जातो : देवानेसुद्धा आदमला बागेतून हाकलण्याआधी विचारले होते, तू ते फळ खाल्लेस का? सर्वज्ञ असलेल्याने विचारले, मग ज्याचे ज्ञान फायलीपुरते आहे त्या अधिकाऱ्याने विचारू नये? अटक झालेल्याला त्याचे हक्क सांगितले पाहिजेत हा अमेरिकेतला नियम ज्याच्या नावाने १९६६ पासून ओळखला जातो, तो मिरांडा काही सज्जन नव्हता. त्याचा कबुलीजबाब बाद झाला, खटला पुन्हा चालला, आणि त्या कबुलीजबाबाशिवायही तो पुन्हा दोषी ठरला. पुरावा भक्कम असेल तर तो नीट चाललेल्या सुनावणीत टिकतो. टिकत नसेल, तर मग आपण नेमके कशाचे समर्थन करत होतो?

वेळेचा मुद्दा जास्त गंभीर आहे, म्हणून त्याच्या खोलात जायला हवे. गुगलच्या त्या चौदा वर्षांचा हिशेब मांडून बघा. पहिली चार-साडेचार वर्षे बचावाच्या हक्कांनी घेतली नाहीत. त्या काळात आयोग आणि कंपनी यांच्यात तडजोडीच्या वाटाघाटी चालल्या होत्या. प्रस्ताव आले, बदलले, पुन्हा आले, शेवटी फिसकटले. आरोप मांडणारे औपचारिक आक्षेपपत्र कंपनीच्या हातात पडले एप्रिल २०१५ मध्ये. तिथून दंडाच्या निर्णयापर्यंत दोन वर्षे आणि काही महिने. म्हणजे कंपनीचे म्हणणे ऐकण्याचा, फाईल दाखवण्याचा, लेखी उत्तरे घेण्याचा सगळा खटाटोप ज्या टप्प्यात झाला, तो टप्पा बिनआरोपाच्या बंद खोलीतल्या टप्प्यापेक्षा छोटा होता. निर्णयानंतरची सात वर्षे न्यायालयात गेली, हे खरे आणि ते फार आहे. पण युरोपात अपील दाखल केले म्हणून निर्णय आपोआप थांबत नाही. वागणूक बदलण्यासाठी कंपनीला नव्वद दिवसांचीच मुदत होती. तेव्हा 'प्रक्रियेमुळे उशीर' असे सरसकट म्हणताना कोणती प्रक्रिया हे सांगायला नको का? आरोप काय आहे ते कळणे, पुरावा बघायला मिळणे, पूर्वग्रह नसलेल्या माणसासमोर बोलता येणे, आणि निर्णयात कारणे वाचायला मिळणे, या गोष्टींना महिने लागतात. दशके लागतात ती तारखांवर तारखा, प्रत्येक टप्प्यावर मिळणारी स्थगिती, आणि रिकाम्या ठेवलेल्या न्यायाधिकरणांच्या जागा यांमुळे. त्यांच्यावर जरूर तुटून पडावे.

आणि प्रत्येक टप्प्यावर सुनावणी हवी असाही माझा आग्रह नाही. स्टील ऑथॉरिटी या सरकारी पोलाद कंपनीच्या प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की चौकशी सुरू करायची की नाही हे प्रथमदर्शनी ठरवताना आयोगाने समोरच्या पक्षाला ऐकलेच पाहिजे असे बंधन नाही. तो निर्णय कुणाला दोषी ठरवत नाही. मला ही भूमिका बरोबर वाटते. तपासाच्या दारातच वाद घालायला दिला तर छापा पडण्याआधी कागद जळतील. रास्तपणाचे ओझे सगळीकडे सारखे वाटून द्यायचे नसते. निवाड्याच्या जवळ जाऊ तसे ते वाढत गेले पाहिजे.

'आयोगाकडून चूक झाली तर न्यायालय आहेच की', हा युक्तिवाद अभ्यासू माणसेही करतात, आणि त्याला आधारही आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये मेनारिनी या औषध कंपनीच्या इटलीतल्या प्रकरणात म्हटले, की प्रशासकीय संस्थेने दंड करायला हरकत नाही, मात्र वर पूर्ण अधिकाराने तपासणी करणारे न्यायालय हवे. ठीक. पण न्यायालय तपासते काय? आयोगाने तयार केलेली फाईल. जे फाईलमध्ये आलेच नाही ते न्यायालय कुठून बघणार? संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलने ग्राहक कंपन्यांना दिलेल्या सवलतींच्या तपासात युरोपीय आयोगाच्या अधिकाऱ्यांनी ऑगस्ट २००६ मध्ये डेल या संगणक कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याशी काही तास चर्चा केली आणि तिचे रीतसर टिपण ठेवले नाही. डेल हा या प्रकरणातला कळीचा ग्राहक. तो अधिकारी नेमके काय बोलला, त्यातले किती इंटेलच्या बाजूचे होते, हे ठरवणार कसे? युरोपीय लोकपालांनी याला गैरकारभार म्हटले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने बजावले की तपासाच्या विषयावर घेतलेली प्रत्येक मुलाखत नोंदवावी लागेल. खुद्द इंटेलवरचा १०६ कोटी युरोंचा दंड पुढे वेगळ्या कारणावरून, सवलतींचे आर्थिक विश्लेषण अपुरे होते म्हणून, कोसळला. पण नोंदीच्या नियमाने दुसरीकडे बळी घेतलाच : मोबाइलच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमवरचा ९९.७ कोटी युरोंचा दंड जून २०२२ मध्ये रद्द झाला, तो विश्लेषणातल्या त्रुटींबरोबरच न नोंदवलेल्या बैठकांमुळे आणि त्यातून झालेल्या बचावाच्या अडचणीमुळे. आयोगाने अपीलही केले नाही. एक कारकून आणि एक वही यांची किंमत शंभर कोटी युरो!

शिवाय न्यायालयाची दुरुस्ती येते तेव्हा दुरुस्त करायला काही उरलेले असेलच असे नाही. जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने कुरियर क्षेत्रातल्या यूपीएसला टीएनटी ही कंपनी विकत घ्यायला मनाई केली. भाव वाढतील हा निष्कर्ष ज्या सांख्यिकी मॉडेलवर आधारला होता, ते अंतिम रूपात बदलले होते, आणि बदललेले मॉडेल यूपीएसला दाखवलेच नव्हते. निर्णयाआधी दोन महिने ते तयार असूनही. २०१७ मध्ये निर्णय रद्द झाला, २०१९ मध्ये सर्वोच्च पातळीवर त्यावर शिक्का बसला. दरम्यान २०१६ मध्ये टीएनटी फेडेक्सने विकत घेतली होती. खटला जिंकलेल्याच्या हाती निकालपत्राची प्रत आली. विलीनीकरण रोखणेच योग्य होते असे समजू. तरी ज्या आकड्यावर एखाद्याचे भवितव्य ठरते तो आकडा त्याला तपासू न देणे, याला अर्थशास्त्र म्हणता येत नाही. मॉडेल चूक असू शकते, आणि ती चूक शोधण्याची सर्वांत जास्त गरज ज्याला आहे तोच माणूस ती सर्वांत लवकर शोधतो. बचावाचा हक्क हा त्या अर्थाने आयोगाला फुकट मिळणारा परीक्षक आहे.

गोपनीयतेचा आक्षेपही घेतला जातो : सगळी फाईल उघडली तर तक्रारदार घाबरतील, माफीच्या बदल्यात माहिती देणारे येणार नाहीत. यावर उपाय निघालेले आहेत. भारतीय आयोगाने २०२२ मध्ये 'गोपनीयता वर्तुळ' आणले. ठरावीक माणसांनीच, हमीपत्र देऊन, संवेदनशील कागद बघायचे. ते दर वेळी नीट चालेल असे नाही, पण दाखवणे आणि लपवणे याशिवाय तिसरा मार्ग नाही असे म्हणण्यात अर्थ नाही.

ताकदीच्या तफावतीकडे मुद्दाम शेवटी आलो, कारण माझ्या मते सगळी चर्चा तिथे उलटी मांडली जाते. प्रक्रिया ढिली झाली तर भरडले कोण जाते? गुगल आणि मायक्रोसॉफ्ट? त्यांना पंधरा वर्षे लढता येते. भारतीय आयोगाने औषधविक्रेत्यांच्या संघटनांविरुद्ध कितीतरी आदेश दिले आहेत, आणि त्यांत पदाधिकाऱ्यांना व्यक्तिशः दंड होऊ शकतो. वर्तन अनेकदा खरोखरच दंडनीय असते. पण अशा संघटनेच्या सचिवाकडे अर्थतज्ज्ञांची फौज नसते. त्याला मिळणारी एक सुनावणी हेच त्याचे सगळे शस्त्र. २०२३ च्या दुरुस्तीने कायद्यात तीन बदल एकदम आणले : दंड मोजताना जगभरातली एकूण उलाढाल धरता येईल; अपील ऐकले जाण्यासाठी दंडाच्या २५ टक्के रक्कम आधी भरावी लागेल; आणि वर्चस्वाच्या गैरवापरासारख्या काही प्रकरणांत तडजोडीचा मार्ग खुला होईल. प्रत्येक बदलाचे स्वतंत्रपणे समर्थन करता येते, मीही करीन. एकत्र ठेवून बघा. दंडाचा आकडा मोठा, अपिलाचे दार महाग, शेजारी तडजोडीचे दार उघडे. अशा घरात मोठा गडी हिशेब करून दार निवडतो. छोटा ज्या दाराकडे ढकलला जाईल त्या दाराने जातो, मग चूक त्याची असो वा नसो. पहिल्या सुनावणीचे मोल यामुळे वाढते, कारण अनेकांसाठी तीच अखेरची असणार आहे.

आणि ज्याच्या नावाने प्रक्रिया गुंडाळायची भाषा केली जाते, त्या गिऱ्हाइकाचे काय? स्पर्धा कायद्यात नुकसानभरपाई मागण्याची तरतूद आहे, पण ती मागायची तर आधी उल्लंघन झाले असा निष्कर्ष हातात हवा. २०१२ पूर्वीच्या त्या काळात ज्याने घर बांधायला सिमेंटच्या गोण्या घेतल्या, त्याच्या दाव्याचा पाया म्हणजे आयोगाचा आदेश. तो आदेश २०१२ मध्ये होता. २०१५ मध्ये नव्हता. २०१६ मध्ये पुन्हा आला. एव्हाना त्या घराला दुसऱ्यांदा रंग लागला असेल.